पुन्हा चौथी

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, बेळगावात आमच्या आजीच्या घरी पोकरची टूर्नामेंट होते. आठ भावंडं, एक जुनं डायनिंग टेबल, आणि संध्याकाळी पाचपासून जेवणाची हाक येईपर्यंतचा वेळ. 2022 साली मी त्यात पहिल्यांदा बसले आणि चौथी आले. 2023 साली चौथी आले. 2024 सालीही चौथीच. बक्षिसं तिघांना असतात.

आठांत चौथं म्हणजे तसं वाईट नाही असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने एकदा येऊन बसून बघावं. आठवा येणारा तासाभरात उठतो, स्वयंपाकघरात जाऊन करंज्यांच्या डब्यात हात घालतो आणि सुटतो. चौथं येणारं माणूस तीन तास खुर्चीला चिकटलेलं असतं, चहा थंड होतो, पाठ धरते, आणि उठताना हातात तेवढंच असतं जेवढं आठव्याच्या हातात होतं. म्हणजे काही नाही. पोकरमध्ये या जागेला बबल म्हणतात. आमच्या घरात त्याचं ‘बुडबुडा’ झालंय, आणि 2024 पासून बुडबुडा हे माझंही एक नाव आहे.

ज्यांना हा खेळ येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यानेच बघायची. मग टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात. सातांतून ज्याची पाच पानं सरस, त्याचा डाव. पण पानं उघडण्याच्या आधी आणि मधेमधे बोली लागते, आणि बाकीच्यांनी पानं टाकून दिली तर हातात काहीही नसताना डाव आपला होतो. लहानपणी आपण ‘चॅलेंज’ खेळायचो ना, चार सत्त्या म्हणून भलतीच पानं खाली सरकवायची, तीच वृत्ती इथे लागते. टूर्नामेंटमध्ये सगळे सारख्या चिपा घेऊन बसतात. दर डावाला दोघांना पानं बघायच्या आधीच सक्तीची रक्कम टाकावी लागते, ती ‘ब्लाइंड’. ही सक्ती आळीपाळीने सगळ्यांवर येते आणि दर पंधरा मिनिटांनी वाढते. चिपा संपल्या की उठायचं. बस.

आमच्याकडे चिपा म्हणून चिंचोके (25), शर्टाची बटणं (100) आणि कॅरमच्या सोंगट्या (500) असतात. आत्या शिवणकाम करते, त्यामुळे बटणांना तोटा नाही. एक सोंगटी, आठ बटणं, आठ चिंचोके, मिळून प्रत्येकी 1500. कॅरमची राणी एकच, ती शेवटी सुट्टे जमवून घेताना 1000 ची म्हणून चालते आणि ज्याच्यापुढे जाते तो उगाच ताठ बसतो.

बक्षीस कुंद्याचं. प्रत्येकाने पावकिलो कुंदा आणायचा, म्हणजे आठ जणांचा मिळून दोन किलो. पहिल्याला 1 किलो, दुसऱ्याला 600 ग्रॅम, तिसऱ्याला 400. बेळगावच्या माणसाला हे बक्षीस हलकं वाटणार नाही. पण सुरुवातीची दोन वर्षं कुंदा नव्हता. शंभर-शंभर रुपये होते. कुंदा आला तो दादामुळे.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. ही टूर्नामेंट त्यानेच सुरू केली, सगळ्यांना खेळ त्यानेच शिकवला, आणि पहिली दोन्ही वर्षं तोच जिंकला. 2024 च्या उपवासकाळात, ईस्टरला दोन आठवडे असताना, कळलं की तो मोबाइलवर पैसे लावून खेळत होता आणि 1,80,000 रुपये हरला होता. थोडे पगाराचे, बरेचसे क्रेडिट कार्डाचे, काही दोन मित्रांचे. आत्याने दोन बांगड्या मोडल्या. घरात आरडाओरडा झाला नाही. तो झाला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. त्या वर्षी पवित्र शुक्रवारी आमच्या घरात जितकी शांतता होती तितकी चर्चमध्येही नव्हती.

आत्याचं म्हणणं होतं की घरात पुन्हा पत्ते दिसता कामा नयेत. ती हे घेऊन फादरांकडे गेली. फादरांनी तिचं सगळं ऐकलं आणि कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथातला 2413 वा परिच्छेद दाखवला. त्याचा आशय असा की पत्त्यांचे किंवा पैजेचे खेळ मुळात अन्यायाचे नाहीत, पण त्यापायी माणसाच्या स्वतःच्या आणि घरच्यांच्या गरजा भागेनाशा झाल्या की ते अनैतिक होतात, आणि त्याची आसक्ती गुलामी होऊ शकते. (फेस्टच्या दिवशी चर्चच्या पटांगणात हाउसीचे आकडे फादरच पुकारतात, त्यामुळे त्यांना याहून कडक बोलणं जडही गेलं असतं.) शेवटी आत्याने तोड काढली. खेळा, पण घरात पैशाचा पत्ता नको. म्हणून कुंदा. 2024 च्या नाताळात दादा टेबलावर बसला नाही. वरच्या खोलीत झोपला होता, किंवा झोपलेला नव्हता.

त्याच वर्षी मी एक्का-राजा घेऊन चौथी आले.

तो डाव मला पाठ आहे. चौघं उरलो होतो. पुण्याच्या ताईपुढे 6000, मडगावच्या भावापुढे 3000, माझ्यापुढे 2000, आणि दहावीतल्या धाकट्यापुढे 1000. ब्लाइंड 100-200. ताईने सगळ्यात आधी सगळं पुढे सरकवलं. मी पानं उचलली, इस्पिकचा एक्का, बदामचा राजा. तीन तासांत तेवढं चांगलं काही आलं नव्हतं. मी एक सेकंदही विचार न करता सगळं आत ढकललं. ताईकडे अठ्ठ्यांची जोडी होती. पाच पानांत ना एक्का आला ना राजा. धाकटा 1000 चिपांच्या जोरावर बसल्या जागी तिसरा झाला आणि 400 ग्रॅम कुंदा छातीशी धरून घरभर नाचला. सगळे म्हणाले, नशीब तुझं. मीही तेच म्हटलं. एक्का-राजा हरला तर माणूस आणखी काय म्हणणार?

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायची अॅप्स बंद झाली. आत्याने त्या दिवशी मेणबत्ती लावली. दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे राहायला गेले होते, तेव्हा एका दुपारी दादाने आपणहून विचारलं, “तू तो एक्का-राजा कसा खेळलीस ग? म्हणजे समोर किती किती होतं?” मी त्याला आकडे सांगितले. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, “खुळी आहेस काय. टाकायचा होता तो.”

मला आधी वाटलं चिडवतोय. तो आतून एक वही घेऊन आला. “मला सांग,” तो म्हणाला, “त्या क्षणी खेळ थांबवला असता, समज लाइट गेले, आणि आजीने सांगितलं आता वाटून घ्या, तर कुणाला किती कुंदा?”

मी म्हटलं, चिपांच्या प्रमाणात. बारा हजारांत माझे दोन हजार, म्हणजे सहावा हिस्सा, 333 ग्रॅम.

“मग ताईचे?”

“निम्मे. एक किलो.”

“पहिलं बक्षीस किती?”

एक किलो. मी थांबले. ताई अजून जिंकलेली नाही, तीन जण जिवंत आहेत, ती चौथीसुद्धा येऊ शकते, आणि माझ्या हिशोबाने मी तिला आत्ताच अख्खं पहिलं बक्षीस देऊन टाकलं होतं. मग तिने पुढे खेळायचं कशाला? म्हणजे चिपा आणि कुंदा यांचं प्रमाण सरळ नाही. पहिल्या हजार चिपा महाग असतात आणि नंतरच्या स्वस्त होत जातात. रोख पैशाच्या खेळात असं नसतं, तिथे शंभराची चिप शंभराचीच. टूर्नामेंटमध्ये, आणि तीही शेवटच्या टप्प्यात, असं असतं. मी तीन वर्षं खेळत होते आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

मग त्याने खरा हिशोब मांडला. पहिलं येण्याची शक्यता चिपांच्या प्रमाणात धरायची. मग एकेकाला पहिला आला असं समजून बाजूला काढायचं आणि उरलेल्यांत दुसऱ्या नंबरासाठी पुन्हा तेच, मग तिसऱ्यासाठी. चार जणांचे 24 क्रम होतात, ते सगळे मांडायचे. ही रीत मूळची घोड्यांच्या शर्यतीची, हार्विल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलेली, आणि पुढे 1980 च्या दशकात मेसन मॅलमथ याने ती पोकरला लावली. आम्हाला ते 24 क्रम मांडायला चहाचे दोन कप लागले. उत्तर आलं ते असं: ताईचे 747 ग्रॅम, मडगावचे 559, माझे 446 आणि धाकट्याचे 248. बेरीज दोन किलो.

म्हणजे मी स्वतःला 333 ग्रॅमची समजत होते, तेव्हा खरं तर 446 ची होते. नुसतं बसून. आता ताईला हरवून माझे 4000 झाले असते तर? पुन्हा 24 क्रम. उत्तर 620. चिपा दुप्पट, पण कुंदा दुप्पट नाही, जेमतेम 174 ग्रॅम जास्त. आणि हरले तर 446 चे शून्य. 446 भागिले 620 करा, 72 टक्के येतात. मधल्या ब्लाइंडच्या चिपा धरल्या तर सत्तरच्या आसपास. म्हणजे शंभरातून सत्तर वेळा मी जिंकणार असेन तरच तो कॉल बरोबर.

“आता ऐक,” दादा म्हणाला. “ताईने पानं न बघता सगळं सरकवलं असतं, आंधळेपणाने, तरी एक्का-राजा किती वेळा जिंकतो? शंभरातून पासष्ट.”

मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. आंधळ्या ताईसमोरही एक्का-राजा टाकायचा! नव्व्यांची जोडी चालली असती, कारण ती कुठल्याही दोन पानांसमोर 72 टक्के जिंकते. दश्शांची तर 75. आणि आमची ताई आंधळेपणाने सरकवणारी नाही, ती सी. ए. करते आहे. वर्षभर मी ज्याला नशीब म्हणत होते ती साधी चूक होती, आणि ती अठ्ठे उघडायच्या आधीच होऊन गेली होती.

मी म्हटलं, ठीक आहे, यापुढे सगळं टाकत जाईन. दादा हसला. “ते तू 22 आणि 23 साली केलंस.”

ते खरंच होतं. त्या दोन्ही वर्षी मी कुणाशी भांडले नव्हते. ‘छान सांभाळून खेळते’ असं सगळे म्हणायचे आणि मला ते आवडायचं. मी चांगल्या पानांची वाट बघत बसायचे, आणि ब्लाइंड मला वाळवीसारखे खात जायचे. दादाकडे डॅन हॅरिंग्टनच्या पुस्तकाचा दुसरा भाग आहे, 2005 चा, सगळा शेवटच्या टप्प्यावरच आहे. कव्हर फाटलंय. त्यात एक साधं माप आहे, त्याचं नाव एम, पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमन खेळाडूच्या नावावरून. आपल्या चिपांना दोन्ही ब्लाइंडच्या बेरजेने भागायचं. माझे 2000 आणि ब्लाइंड 150-300 असतील तर 2000 भागिले 450, साधारण साडेचार. म्हणजे मी काहीच केलं नाही तर साडेचार फेऱ्यांत संपले. टेबलावर चौघंच असतील तर साडेचार फेऱ्या म्हणजे अठरा डाव. आणि हातात कुठलीही जोडी, अगदी दुर्रीची धरून, सरासरी सतरा डावांत एकदा येते. एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा. मी ज्याची वाट बघत होते ते यायच्या आत मी संपणार होते, आणि हे आकडे आधीपासून लिहून ठेवलेले होते.

मग करायचं काय? दादाचं म्हणणं असं की कॉल करणं आणि स्वतः आधी सरकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी दोन्हीत चिपा तेवढ्याच आत जातात. कॉल केला की जिंकायचा एकच रस्ता उरतो, पानं सरस निघणं. आपण आधी सरकवलं की दोन रस्ते असतात, पानं सरस निघणं किंवा समोरच्यांनी घाबरून टाकणं. म्हणून ज्या पानांनी कॉल करणं वेडेपणा, त्याच पानांनी आधी सरकवणं शहाणपणा असू शकतं. दर फेरीत एकदा जरी कोणी न बघता ते 450 आपल्याकडे आले तरी आपण होतो तिथेच राहतो. तेवढंच तर हवं असतं.

आणि कुणावर सरकवायचं? मी म्हटलं, ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्यावर. चूक. त्याच्याजवळ गमवायला काही नसतं, तो काहीही घेऊन बघतो. मोठ्यावर? त्याला परवडतं. मधल्यावर सरकवायचं. ज्याच्या मनात ‘धाकटा आधी गेला की मी बक्षिसात’ असं चाललेलं असतं त्याच्यावर. म्हणजे नेमकं माझ्यासारख्यावर. तीन वर्षं हे सगळे माझ्याशी काय करत होते ते मला त्या दुपारी कळलं.

मध्येच एक सांगून टाकते. वनपर्वात नलोपाख्यान आहे. नल पुष्कराकडून फाशांत राज्य हरतो, वनवास भोगतो, आणि पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी असताना त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो, म्हणजे फाशांची विद्या. ती मिळाल्यावर अंगातला कली बाहेर पडतो आणि नल राज्य परत जिंकतो. वाचताना मला ती गोष्ट फार सोयीची वाटली. आधी अज्ञान आणि हार, मग विद्या आणि जीत. दादाकडे अक्षहृदय आधीपासून होतं. ते 24 क्रम तो मनात करायचा. मग 1,80,000 गेले कसे?

मी हे त्याला विचारलं. दिवाळीच्या त्या दुपारी नाही, दोन दिवसांनी, गच्चीवर. तो म्हणाला की टेबलावर कधी सरकवायचं ते त्याला यायचं, मोबाइल कधी ठेवायचा ते यायचं नाही. पहाटे तीनला, झोप नसताना, हरलेलं परत मिळवायला म्हणून तो दुप्पट मोठ्या टेबलावर बसायचा. तिथे समोरचे त्याच्याइतकेच जाणते असत. “आणि हरलो की म्हणायचो, बरोबर खेळलो होतो, पानं पडली नाहीत. कधीकधी ते खरंही असायचं. तेच वाईट.”

मला आत्यापासून लपवून हे शिकायचं नव्हतं, म्हणून मी तिला सांगितलं. ती बराच वेळ बॉबिनला दोरा भरत राहिली. मग म्हणाली, “वहीतच ठेवा दोघं.”

2025 चा 26 डिसेंबर. दादा खाली आला. म्हणाला, मी पानं वाटीन, खेळणार नाही. आत्या दाराशी उभी राहून बघत होती, तिने काही म्हटलं नाही. दादाने कॅट पिसला. त्याची बोटं तशीच चालतात अजून.

पहिले दोन तास सांगण्यासारखे नाहीत. चार जण गेले आणि पुन्हा तेच चौघं उरलो, ताई, मडगाव, मी, धाकटा. माझ्यापुढे 1100. एरवी मी इथून मरायला सुरुवात करायचे. यंदा राजा-सत्ती आली, माझ्याआधी कोणी बोललं नव्हतं, मडगावचा मोठा ब्लाइंड होता. मी सगळं पुढे सरकवलं. हात थरथरत होता, एक बटण घरंगळत टेबलाखाली गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, धाकट्याच्या चिपांकडे बघितलं, आणि पानं टाकली! पुढच्या फेरीत गुलाम-दश्शीने पुन्हा तेच. मग एकदा नव्वी आणि तिर्री घेऊन, निव्वळ निर्लज्जपणे. कोणीच बघितलं नाही. मधले ब्लाइंड भरूनही माझे 1900 झाले. एकदा ताईने सरकवलं तेव्हा माझ्याकडे एक्का-राणी होती, ती मी टाकली. टाकताना पोटात खड्डा पडला. दादा पानं गोळा करत होता, त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, वाटणाऱ्याच्या चेहऱ्यावर असूही नये.

मग तो डाव. ताई 6200, मडगाव 3400, मी 1900, धाकटा 500. ब्लाइंड 150-300. धाकट्याने पानं टाकली, बोलायची पाळी माझी. राजा आणि नव्वी. माझ्यामागे ताईचा छोटा ब्लाइंड, मडगावचा मोठा. मी सरकवलं. ताईने टाकलं. मडगावने पानं पुन्हा एकदा उचलून बघितली आणि म्हणाला, “सॉरी ग.” दोन राण्या. पाच पानांत मला एक नव्वी मिळाली, राजा आला नाही.

चौथी.

धाकट्याने यंदा नाचही केला नाही, त्याला माझी दया आली असावी. ते जास्त लागलं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, आजीच्या दोदोलचा एक तुकडा तोंडात टाकला आणि स्वतःशी म्हटलं, काही हरकत नाही, बरोबर खेळले, राण्या होत्या त्याच्याकडे.

रात्री सगळे झोपल्यावर दादाने वही काढली. मी म्हटलं, कशाला, राण्यांच्या जोडीपुढे काय करणार. तो म्हणाला, राण्या सोड, त्या तुला दिसत नव्हत्या. दिसत होतं ते सांग. धाकट्याकडे किती?

500.

पुढच्या डावात मोठा ब्लाइंड कुणाचा?

मी तोंडावर हात ठेवला. धाकट्याचा. पुढच्याच डावात त्याला 500 तले 300 सक्तीने टाकावे लागणार होते, आणि मला त्या डावात काहीच भरायचं नव्हतं. ताई आणि मडगाव त्याच्यावर तुटून पडले असते. मी फक्त पानं टाकून बघत बसायचं होतं. एक डाव, मिनिटभराचा. आम्ही 24 क्रम मांडले. बसल्या जागी माझे 475 ग्रॅम होते. ते 450 चिपांचे ब्लाइंड कोणी न बघता मिळाले असते तरी 45 ग्रॅम वाढले असते. 45 साठी मी 475 लावले होते. मडगाववर सरकवायचं हे मी शिकले होते, आणि दोन तास ते चाललं होतं, म्हणून मी धाकट्याकडे बघणं सोडून दिलं होतं. 22 साली मी फार घाबरून चौथी आले, यंदा न घाबरता.

मला रडू यायला हवं होतं, पण उलट हलकं वाटलं. दादाने पान भरलं. तारीख, चौघांचे आकडे, राजा-नव्वी, आणि खाली 45 / 475 असं लिहून त्याभोवती गोल काढला. मी वही चाळली. आधीची पानं मोबाइलच्या खेळांची होती, 2023 ची, त्याच्या बारीक अक्षरात. सगळे जिंकलेले डाव. मी दोनदा चाळली. हरलेला एकही नव्हता.

“ते लिहायचोच नाही,” तो म्हणाला.

मग दिवा घालवायच्या आधी त्याने विचारलं, पुढच्या वर्षी मी टेबलावर बसू का? आणि म्हणाला, मी नाही विचारू शकत, तू आईला विचार. मी हो म्हटलं. आता फेब्रुवारी संपत आला. आत्याकडे दोनदा जाऊन आले, एकदा तर ब्लाउजचं माप द्यायला तिच्या समोर अर्धा तास उभी होते. अजून विचारलेलं नाही.